धोंड्याला आलेला जावई

आमच्या घरी उन्हाळ्याची सुट्टी परीक्षा संपली म्हणून लागत नसे. टीव्हीवर फुलदाणी चढली की लागे. मी टीव्हीवर क्रोशाचं कापड घालून ते पडद्यावर खाली सोडायची आणि वर पितळेची जड फुलदाणी ठेवायची. तिच्यात काठोकाठ पाणी आणि कुंपणावरची बोगनवेल. टीव्ही लावायचा तर आधी कापड वर करायला हवं, कापड वर करायचं तर फुलदाणी उतरवायला हवी, आणि ती न सांडता उतरवणं मुलांच्या हातचं नव्हतं. ओरडावं लागत नसे, वायर लपवावी लागत नसे.

परवा तुमच्या आईने फोनवर विचारलं, "आई, मुलांच्या सुट्टीत स्क्रीन बंद करायचा म्हणतेय. आमच्या वेळी तू काय करायचीस गं?"

मी म्हणाले, "फुलदाणी."

"ते आठवतंय. पण फुलदाणीनंतर काय?"

फुलदाणीनंतर काय, ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हा दोघांना लिहिते आहे. आईकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचताना ती कुठे थांबली तर थांबू द्या.

तुमची आई तेव्हा तिसरीतून चौथीत जाणार होती आणि तुमचा मामा पहिलीतून दुसरीत. आम्ही नाशिकला सातपूरच्या अलीकडे रो-हाऊसमध्ये राहायचो. दोन घरांमध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडचे काका सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि बरेचदा रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपत. त्यामुळे आमच्या घरात दुपारभर आवाज करायची बंदी होती. पळापळी नाही, चेंडू नाही, भांडण झालंच तर कुजबुजत. मुलं कुजबुजत इतकी छान भांडायची की मला कधीकधी कळायचंच नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉलेजातही इंग्रजीच घेतलं, आणि तिथल्या शिक्षिकांनी मला वेळापत्रकाची जी सवय लावली ती अजून सुटलेली नाही. एप्रिलच्या शेवटी मी एक कागद आखून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवायची. सकाळी झाडांना पाणी, मग अवांतर वाचन, मग हस्तकला. त्यातलं पुष्कळसं फसायचं. रोजनिशी लिहायला लावली तर तुमच्या मामाने रोज एकच वाक्य लिहिलं, "आज गरम होते." झाडांची पानं दाबून चिकटवही करायला सांगितली तर त्याने सगळी पानं कडुनिंबाचीच आणली, आणि वर म्हणाला, "प्रत्येक पान वेगळं आहे, नीट बघ."

जे आखलं नव्हतं ते मात्र जमायचं. फरशी थंड राहावी म्हणून मी दुपारी ओली फडकी फिरवायची. त्या ओल्या फरशीवर बोटाने चित्रं काढायची आणि ती वाळायच्या आत दुसऱ्याने ओळखायची, हा खेळ त्यांनीच शोधला. चिंचोके एका बाजूने घासून पांढरे केले की फासे तयार. कुरडयांचा चीक शिजला की वाटी घेऊन पातेल्याभोवती बसायचं, आणि मग गच्चीवर कावळे हाकायची पाळी लावायची. बदामसात तर आजोबा ऑफिसातून आल्यावर चहा पिता पिता खेळायचे आणि दर वेळी हरायचे. ते मुद्दाम हरत असत असं मुलांना वाटे. ते खरंच हरत असत.

त्या वर्षी कागदावर मी "शिवणकाम" लिहिलं होतं. शिंप्याकडून चिंध्यांची पिशवी मागून आणली होती. माझा हिशेब असा की तुमची आई रुमालाला टीप घालायला शिकेल. तिने रुमालाकडे पाहिलंही नाही. पिशवी फरशीवर ओतली आणि म्हणाली, "मी बाहुली करणार."

सुट्टीचा निम्मा भाग त्या बाहुलीत गेला. जुन्या उशीचा कापूस काढून अंग भरलं. मान सारखी कलंडायची, म्हणून आत आइस्क्रीमच्या काडीचा कणा घातला. केस काळ्या लोकरीचे, आणि त्यांची वेणी. डोळे दोऱ्याचे. तोंड शिवताना सुई बोटात घुसली, हात हलला आणि ओठाचं एक टोक वर गेलं, तेव्हापासून ती बाहुली काहीतरी गंमत माहीत असून सांगत नसल्यासारखी दिसायला लागली. "उसवून परत कर," मी म्हणाले. "नको," तुमची आई म्हणाली, "आता ती अशीच आहे." माझ्या येवल्याच्या पैठणीचा पदर विरला होता, त्याचा एक तुकडा मी साडीसाठी दिला. रात्री बाहुली बुटांच्या खोक्यात झोपायची, आणि ते खोकं तुमच्या आईच्या उशाशी.

भिंतीपलीकडच्या काकांची मुलगी तुमच्या आईच्याच वर्गात होती. तुम्ही तिला मावशी म्हणता, म्हणून मीही इथे मावशीच म्हणते. तिच्याकडे प्लॅस्टिकचा एक बाहुला होता. जत्रेतला, सूट-बूट घातलेला, पण एक हात खांद्यातून निखळून नुसता दोऱ्यावर लोंबायचा. एका दुपारी ती त्याला फडक्यात गुंडाळून आली आणि दारातूनच कुजबुजली, "काकू, मुलगी बघायला आलोय."

मी माझं वाचत बसले होते, पण पुढचं सगळं ऐकू येत होतं.

"मुलगा काय करतो?" तुमच्या आईने विचारलं.

"सातपूरला असतो. कंपनीत. पर्मनंट."

"हात का लोंबतोय?"

"ओव्हरटाइम करून करून दुखतो. तुमची मुलगी का हसतेय पण?"

"तिचं तोंडच तसं आहे."

"सासरी असं हसलेलं चालणार नाही."

"मग आम्हाला स्थळ पसंत नाही. या तुम्ही."

"बरं बरं, हसू दे. पण पाहुणे आल्यावर नाही."

एवढ्यात तुमचा मामा म्हणाला, "पोहे कुठायत? पोह्यांशिवाय मुलगी बघत नसतात." मला उठून पोहे करावे लागले.

लग्न ठरलं. मुहूर्त संध्याकाळी पाचचा, कारण काका तेव्हा उठतात. दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मांडव म्हणून पुढच्या व्हरांड्यात माझी जुनी साडी बांधली. गंगेवरच्या बाजारातून, म्हणजे तुमच्या भाषेत गोदावरीकाठच्या, आजोबांनी दोन छोट्या मुंडावळ्या आणल्या. दुकानदाराने "मूल केवढं आहे?" विचारल्यावर त्यांनी वीतभर हात करून दाखवला, हे ते पुढे कितीतरी दिवस सांगत होते. तुमचा मामा भटजी झाला. खांद्यावर पंचा, कपाळाला गंध. मंगलाष्टकांतलं त्याला फक्त "शुभमंगल सावधान" येत होतं, म्हणून मधलं त्याने स्वतः रचलं. "माठातलं पाणी गार गार, वऱ्हाडी मंडळी भाराभार," असं म्हणून तो थांबायचा आणि आम्ही अक्षता टाकायचो. काका नुकतेच उठून आले होते, डोळे सुजलेले, पण त्यांनी परात उलटी धरून असा बॅंड वाजवला की चार घरांतली माणसं बाहेर आली.

जेवण मुलीकडचं, म्हणजे आमचं. भेळभत्ता आणि पन्हं. कुरमुरे, शेव, फुटाणे, कैरीच्या फोडी, आणि वर चांदवडहून आलेल्या पोत्यातला भरपूर कांदा. वरमाय, म्हणजे मावशी, पन्ह्यात वेलदोडा नाही म्हणून रुसली. तिची समजूत घालायला तुमची आई दोन वेळा आत येऊन गेली, आणि शेवटी मी वेलदोडा कुटून दिला. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. पंचा काढून तुमचा मामा दक्षिणा म्हणून शेव मागत फिरला.

मग मावशीने नवरा-नवरी दोघांना उचललं, फडक्यात शेजारी शेजारी निजवलं आणि घराकडे निघाली.

"कुठे नेतेस तिला?" तुमची आई म्हणाली.

"सासरी."

"अगं, पण खेळ संपला ना."

"लग्न संपलं. खेळ आता सुरू. उद्या घोटीला आजीकडे नेणार तिला. आमच्या सुनेला सगळे बघायला येतील."

तुमच्या आईच्या डोक्यात लग्न होतं, साडी होती, मुंडावळ्या होत्या, वरमायचा रुसवासुद्धा होता. पुढचं काही नव्हतंच. ती रिकामं खोकं घेऊन स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मी म्हणाले, "लग्न लावून दिलंस ना? मग बाहुली आता तिकडची. शब्द दिला की पाळायचा."

"मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"की खरंच न्यायची असते."

मी कांद्याची सालं गोळा करत राहिले. मुलांच्या भांडणात मोठ्यांनी पडायचं नाही, हा माझा नियम होता, आणि शेजारच्या वहिनींकडे, म्हणजे मावशीच्या आईकडे, जाऊन "आमची बाहुली परत द्या" म्हणणं तर मला कधीच जमलं नसतं. ती जेवायला बसली, पोळीचे तुकडे केले आणि तसेच ठेवले. आजोबांनी पत्ते पिसले, ती नको म्हणाली. बाहुली तिने एकटीने केली होती. तिच्यासारखी दुसरी बाजारात मिळणार नव्हती, आणि तोंड तसं वाकडं परत शिवता येणार नव्हतं. तिलाही ते माहीत होतं, मलाही.

सकाळी शेजारच्या वहिनी किल्ली द्यायला आल्या. मागोमाग मावशी, हातात फडक्याचं गाठोडं. तुमची आई पायरीवर बसून होती.

"ताई, कुंड्यांना तेवढं पाणी घाला," वहिनी म्हणाल्या. "माहेरी चाललेय, लय दिवस झाले. आणि ही पोरगी काय छातीशी धरून चाललीय कालपासून?"

"सून आहे," मावशी म्हणाली. "काल लग्न झालं ना. तू बाजारात गेली होतीस."

"काल?" वहिनींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! अधिकात लग्न लावलंत? परवाच धोंड्याचा महिना लागलाय. अधिकात कुणी लग्न लावतं का?" आणि त्या हसायला लागल्या.

हे तुम्हाला सांगायला हवं. आपल्या पंचांगात दर दोन-तीन वर्षांनी एक जादा महिना येतो, तो अधिक महिना. त्यात लग्नं-मुंजी करत नाहीत. पण लेकीला आणि जावयाला माहेरी बोलावतात आणि धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे उंडे, वर तूप. म्हणून तो धोंड्याचा महिना. मला हे माहीत होतं. आजोबांनाही माहीत होतं. पण बाहुलीच्या लग्नाला पंचांग बघायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

तुमची आई पायरीवरून उठली. "म्हणजे चालत नाही?"

"नाय चालत."

"म्हणजे लग्न झालंच नाही?"

"आई!" मावशी ओरडली. "तू कुणाकडची आहेस?"

"मग आमचं जेवण परत द्या," तुमचा मामा आतून धावत आला. "तू दोन वाट्या खाल्ल्यास."

"खाल्लेलं कसं परत देऊ? आणि खाल्लं म्हणजे झालं लग्न. जेवल्यावर लग्न मोडत नसतं. हो ना, काकू?"

मी फक्त किल्ली खिळ्याला अडकवली.

वहिनींना आता गंमत वाटायला लागली होती. त्या दाराला टेकल्या. "हे बघ, झालं असेल तर झालं. पण मग धोंड्याला जावई सासुरवाडीला पाठवावा लागतो. नवीन जोडपं तर दोघंही जातात. ते काय चुकत नाय."

तुमच्या आईने क्षणही घालवला नाही. "आम्ही बोलावतोय," ती म्हणाली. "दोघांना. आत्तापासून. धोंड्याचा महिना संपेपर्यंत."

मावशीने आपल्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लग्न झालं नाही म्हणावं तर बाहुली जाते, झालं म्हणावं तर बाहुलाही जातो. शेवटी तिने फडकं सोडलं, दोघांना तुमच्या आईच्या हातात दिलं आणि नाक ओढत घरी गेली.

तुमच्या आईने बाहुलीला खोक्यात निजवलं. शेजारी जावई, लोंबणारा हात पोटावर नीट ठेवून. पांघरूण घातलं. मला म्हणाली, "आली बघ." मी म्हणाले, "बघितलं."

थोड्या वेळाने बाहेर रिक्षा लागली. काका बॅग चढवत होते, वहिनी पाण्याची बाटली शोधत होत्या. मावशी रिक्षात कडेला बसली होती. एरवी ती कुठेही निघाली की तो बाहुला तिच्या काखेत असायचा. आता हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग बसायच्या गादीखाली घातले. आमच्या फाटकाकडे तिने बघितलं नाही.

तुमची आई फाटकाशी उभी होती. मी खिडकीत. ती वळली, घरात आली, माझ्या शेजारून गेली आणि खोकं घेऊन परत बाहेर. आख्खं खोकं तिने रिक्षात मावशीच्या मांडीवर ठेवलं.

"दोघांना ने," ती म्हणाली. "पण धोंड्याचा महिना संपायच्या आत आण. धोंडे खायचेत त्यांना. उन्हात ठेवू नकोस. आणि तिला विहिरीजवळ नेऊ नकोस, कापूस ओला होतो."

"नाही नेत."

"आणि हसली तर रागावू नकोस."

"पाहुणे आले तरी हसू दे," मावशी म्हणाली.

रिक्षा गेली. तुमचा मामा म्हणाला, "म्हणजे जेवण गेलंच," आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

मला वाटलं होतं तुमची आई आता रडेल. ती चिंध्यांची पिशवी घेऊन बसली. जावई पहिल्यांदाच येणार म्हणजे त्याला गादी हवी, दोन उशा हव्यात, लेकीला रजई हवी. रजईत गोधडीसारखे टाके घालायचं तिने मला विचारून घेतलं. तुमच्या मामाला तिने खोक्यांचं घर करायला बसवलं. त्याने जिना केला, गच्ची केली, गच्चीवर कावळे हाकायला काडी ठेवली. कणीक मळली की एक गोळा बाजूला जायचा, धोंडे वळायची तालीम म्हणून. मधेच ती विचारायची, "घोटीला आत्ता काय करत असतील?" आणि उत्तराची वाट न बघता सुई ओवायची. दारावरच्या वेळापत्रकाचा कागद उन्हाने पिवळा पडला. कुणी वाचला नाही. मीही नाही.

महिना संपायच्या आत, शाळेची पुस्तकं आणायला जायच्या आदल्या दिवशी, रिक्षा परत आली. ती थांबायच्या आधीच मावशी उतरली. खोकं पुढे केलं.

बाहुलीच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. चुलीच्या धुराचा वास येत होता आणि एक गाल मातकट झाला होता. तोंड तसंच. तुमच्या आईने तिला उलटीपालटी करून एकेक शिवण तपासली. पाठीवर एक टाका उसवला होता, तो लाल दोऱ्याने घातला होता.

"हे कुणी?"

"आजीने."

"लाल का?"

"नव्या नवरीला काळा दोरा लावत नाहीत म्हणाली."

तुमच्या आईने जरा विचार केला. "मग ठीक आहे," म्हणाली. "याचा हात बसला की!"

"घोटीच्या आजोबांनी तार घातली. आता ओव्हरटाइम बंद."

मी त्या संध्याकाळी धोंडे उकडले, सुपारीएवढे, आणि तुमच्या आईने जावयाला पाटावर बसवून ताट वाढलं. जावयाच्या वतीने तुमच्या मामाने खाल्ले. वरमायने बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, "तूप कमी आहे, विहीणबाई." मी उठून तूप वाढलं.

त्यानंतर ती जोडी या घरातून त्या घरात जात राहिली. सुट्ट्यांमध्ये घोटीला, सणावाराला आमच्याकडे. पुढे वहिनींनी नाशिकरोडला फ्लॅट घेतला. सामान हलवायच्या दिवशी मावशी खोकं घेऊन आली. तेव्हा ती कॉलेजात होती. "काकू, सामानात हरवतील. राहू द्या इथेच. धोंड्याला आलाय समजा."

त्याला आता किती वर्षं झाली. जावई अजून गेलेला नाही. मावशी बॅंकेतून जाता जाता स्कूटर थांबवते, पहिल्यांदा विचारते, "जावई काय म्हणतोय?" मी म्हणते, "खातोय, झोपतोय." तुमची आई तिकडून फोन करते. इकडचं-तिकडचं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता विचारते, "ती आहे ना गं?"

"आहे," मी सांगते. "माहेरी."

तुम्ही येणार ते मावशीला कळवलंय. चिंध्यांची पिशवी मी धुऊन वाळवून ठेवली आहे, लुगड्याचा काठ उसवलाय तो तुम्ही शिवायचा. फुलदाणीही आहेच, फक्त नवा टीव्ही भिंतीला टांगलेला असल्यामुळे आता त्याच्यासमोर ठेवावी लागते. मावशी धोंडे खायला येणार म्हणाली. अधिक महिना नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लग्न तरी कुठे मुहूर्तावर झालं होतं? फक्त तूप कमी पडू देऊ नका."